फोर्डने मिनी सुटी केली तेव्हा: तीस पौंडांचा हिशेब आणि त्यात न बसलेले स्टिअरिंग

दातेरीपट्टी (धागाकर्ता)

प्रतिस्पर्ध्याची गाडी विकत आणून ती उघडून पाहण्याची पद्धत मोटार उद्योगात जुनी आहे. तिची जी उदाहरणे पुन्हा पुन्हा सांगितली जातात, त्यांत १९५९ च्या मिनीचे उदाहरण बहुधा पहिले येते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, म्हणजे बीएमसीने, २६ ऑगस्ट १९५९ रोजी ही गाडी बाजारात आणली. फोर्डच्या ब्रिटनमधील कंपनीने तिची एक प्रत मिळवून ती पूर्ण सुटी केली, भागाभागाची किंमत लावली, आणि बीएमसीला प्रत्येक गाडीमागे सुमारे ३० पौंड तोटा होत असला पाहिजे असा निष्कर्ष काढला. त्या वाटेने न जाता फोर्डने थोडी मोठी, नेहमीच्या रचनेची आणि काटेकोर खर्चात बसणारी गाडी करायचे ठरवले. तीच १९६२ ची कॉर्टिना.

ही गोष्ट बहुतेक वेळा दोनच प्रकारे सांगितली जाते. एक तर फोर्डचे लोक हुशार आणि बीएमसीचे भाबडे, किंवा मग फोर्डचे लोक कारकुनी वृत्तीचे आणि मिनीचा रचनाकार अलेक इसिगोनिस प्रतिभावंत. मला दोन्ही सांगणी अपुरी वाटतात. फोर्डचा हिशेब ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत होता त्या प्रश्नापुरता तो बहुधा बरोबरच होता. पण मिनी चालवणाऱ्या माणसाला जी गोष्ट पहिल्या वळणावर जाणवत असे, म्हणजे तिचे स्टिअरिंग, ती सुट्या भागांच्या टेबलावर सापडण्यासारखी नव्हती, कारण ती कोणत्याही एका भागात नव्हतीच. या धाग्यात मला मुख्यतः त्याविषयी लिहायचे आहे.

टेबलावर स्टिअरिंगच्या नावाखाली काय आले असेल ते पाहू. एक रॅक (म्हणजे दातेरी पट्टी), एक पिनियन (तिच्यावर फिरणारे छोटे दातेरी चाक), दोन टोकांना चाकांपर्यंत जाणारे टाय रॉड, बॉल जॉइंट, एक सरळ दांडा आणि एक चाक. यात अपूर्व असे काही नव्हते. सित्रोएनने आपल्या ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ला १९३६ मध्येच रॅक दिला होता, आणि खुद्द इसिगोनिसने १९४८ च्या मॉरिस मायनरमध्ये तो वापरला होता. पारंपरिक स्टिअरिंग बॉक्समध्ये वर्म (म्हणजे आट्यांचा दांडा), त्यावर फिरणारा भाग, बाहेर येणारा हात, मधला जोडदांडा आणि पलीकडचा आयडलर इतका गोतावळा असतो. त्या मानाने रॅकमध्ये भाग कमी आणि सांधेही कमी. म्हणजे किंमत लावणाऱ्याला हा भाग स्वस्तात पडलेला दिसला असणार, आणि त्याने तशी नोंद करून पुढचा भाग हाती घेतला असणार.

आता हेच भाग गाडीत परत बसवून पाहू. मिनीची लांबी जेमतेम ३.०५ मीटर आणि दोन आसांमधले अंतर सुमारे २.०३ मीटर. इंजिन आडवे, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या टाकीतच, आणि त्यामुळे एकूण वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा पुढच्या चाकांवर. चाके दहा इंची, जी या गाडीसाठी डनलॉपकडून मुद्दाम करून घ्यावी लागली. स्प्रिंगांच्या जागी अलेक्स मोल्टनचे रबराचे शंकू, जे दाबले जातील तसे अधिक कडक होत जातात, त्यामुळे वळणावर गाडी फारशी कलत नाही. हे सगळे जमेस धरले म्हणजे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम सव्वादोन-अडीच फेऱ्यांचे ठेवता येते, आणि तरीही ते हाताला जड लागत नाही, कारण गाडीच मुळी सहाशे किलोंच्या आतबाहेर आहे. इतक्या कमी फेऱ्यांचे स्टिअरिंग त्या काळच्या एखाद्या जड गाडीला दिले असते, तर गाडी उभी असताना चाक फिरवणे म्हणजे मेहनतीचे काम झाले असते. म्हणजे स्टिअरिंगचा चटपटीतपणा वजनातून येतो, वजन लांबीतून येते, लांबी आडव्या इंजिनातून येते, आणि आडवे इंजिन गिअरबॉक्स पोटात घेतल्याशिवाय मावत नाही. ही साखळी उलगडून एकेका कडीला किंमत लावली, तर किंमत बरोबर येते आणि साखळी मात्र नाहीशी होते.

आणखी एक मुद्दा. या गाडीत वळवणारी चाके आणि ओढणारी चाके एकच आहेत. वळणात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय अचानक उचलला की गाडीचे नाक आतल्या बाजूला वळते, आणि पुन्हा दाब दिला की बाहेर सरकू लागते. म्हणजे चालकाच्या हाताइतकेच त्याच्या पायानेही गाडी वळते. हा गुण नेमका कोणत्या भागाच्या खात्यात मांडायचा?

जाणकारांनी मते मांडावीत.

हिशेबनीस

धागा आवडला. मात्र ३० पौंडांचा आकडा सहज ओलांडला गेला आहे, त्याविषयी थोडे.

मिनीच्या साध्या आवृत्तीची किंमत सुमारे ४९७ पौंड होती, त्यामुळे ३० पौंड म्हणजे सहा टक्के असे वाटते. पण त्या ४९७ मध्ये जवळपास १४७ पौंड खरेदी कराचे होते. कराविना किंमत ३५० च्या घरात, आणि त्यातून विक्रेत्याचा वाटा वजा व्हायचा. कारखान्याच्या हाती पडणाऱ्या रकमेशी तुलना केली, तर ३० पौंड ही फार मोठी तूट ठरते. फोर्डच्या लोकांना धक्का बसला असेल तर तो योग्यच होता.

ही किंमत आली कोठून, हे पाहणेही उद्बोधक आहे. फोर्डची त्या वेळची सर्वांत स्वस्त गाडी पॉप्युलर. तिचे इंजिन जुन्या साइड-व्हॉल्व्ह धाटणीचे, गिअर तीनच, आणि किंमत ४९४ पौंड. बीएमसीने पूर्णपणे नव्या यंत्ररचनेची गाडी जवळजवळ त्याच किमतीला लावली. ज्या गाडीची यंत्रसामग्री केव्हाच वसूल झाली आहे तिच्या किमतीशी नवी गाडी बरोबरी करू पाहते, तेव्हा अडचण रॅकमध्ये किंवा रबरी शंकूंमध्ये नसून किंमत ठरवणाऱ्या खोलीत असते.

बीएमसीची बाजूही नोंदवायला हवी. कंपनीचा स्थिर खर्च ज्या रीतीने वेगवेगळ्या गाड्यांवर वाटला जातो, त्या रीतीने मिनी नेहमी नफ्यातच होती, असे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. डीलक्स आवृत्ती, हीटर, रेडिओ, आरसे अशा वरच्या वस्तूंवर खरी कमाई होती, हेही त्यांनी सांगितले. इथे गंमत अशी की प्रतिस्पर्ध्याची गाडी सुटी करणाऱ्याला लोखंड, रबर आणि मजुरी मोजता येते, पण समोरच्या कंपनीने आपले व्यवस्थापन, जमीन आणि जुनी यंत्रे कोणत्या गाडीच्या माथी मारली आहेत हे त्याला स्क्रू उघडून दिसत नाही. शिवाय एकच गाडी ऑस्टिन आणि मॉरिस अशा दोन नावांनी, लाँगब्रिज आणि काऊली अशा दोन ठिकाणी बनत होती आणि वेगवेगळ्या दुकानांतून विकली जात होती. हा खर्चही टेबलावर येत नाही, आणि माझ्या मते खरा तोटा त्यातच होता.

मोजपट्टी

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात याच प्रकारच्या कामात आहे, म्हणजे इतरांच्या गाड्या उघडून पाहणे, वजन करणे, मोजणे, छायाचित्रे काढणे. त्यामुळे धागाकर्त्यांच्या मांडणीला थोडा विरोध करतो.

सुटे भाग पाहणारे लोक गाडी चालवत नाहीत असा एक समज या लेखनात डोकावतो. कोणतेही बरे पथक गाडीला पाना लावण्यापूर्वी ती भरपूर चालवते. स्टिअरिंगच्या बाबतीत चाक किती अंश फिरवले असता गाडी प्रत्यक्ष वळू लागते, मध्यावर किती खेळ आहे, हात सोडल्यावर चाक किती लवकर सरळ होते, खड्ड्याचा दणका हातापर्यंत किती येतो, एका बाजूला पूर्ण वळवल्यावर किती व्यासात गाडी फिरते, हे सगळे नोंदवले जाते. आज त्यासाठी संवेदक असतात, पूर्वी जाणकार चालक आणि वही असे. त्यामुळे मिनीचे वळणे उत्तम आहे हे तेव्हाच्या कोणत्याही अनुभवी अभियंत्याला पहिल्या दिवशी कळले असते. प्रश्न कळण्याचा नसून त्यापुढे काय करायचे हा होता.

आणि तिथे स्टिअरिंग बॉक्स निवडणारा माणूस मागासलेला नसतो. रॅक रस्त्याची खबर हाताला देतो, तशीच रस्त्याची मारही देतो. बॉक्समधल्या वर्ममुळे उलट दिशेने येणारा धक्का बराच जिरतो. कॉर्टिनाचा गिऱ्हाईक कोण होता? कुटुंब घेऊन सुटीवर जाणारा, कंपनीच्या खर्चाने दिवसभर फिरणारा विक्रेता, आणि परदेशातल्या कच्च्या रस्त्यांवरचा मालक. त्याला डिकी मोठी हवी होती आणि यंत्र ओळखीचे हवे होते. शिवाय कारखान्यात बॉक्सचा पुरवठा, जोडणीची यंत्रे आणि दुरुस्तीचे ज्ञान आधीच जागेवर असते. नवा भाग स्वस्त असला, तरी जुन्या भागाची वाट मोडून तो आणणे स्वस्त नसते, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही.

फोर्डचे पथक मिनी पाहून ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे म्हणाले नसावे. ‘हे आपल्या गिऱ्हाइकाला नको आहे’ असा तो निर्णय होता, आणि कॉर्टिनाच्या पहिल्या पिढीच्या चार वर्षांत दहा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या, हे पाहता तो चुकला असे म्हणवत नाही.

दातेरीपट्टी

@मोजपट्टी, गाडी आधी चालवली जाते हा मुद्दा मान्य आहे. माझा रोख मात्र वेगळा आहे. चालवताना जे जाणवले, त्याचे पुढे खर्चाच्या तक्त्यात रूपांतर करताना ते कोणत्या रकान्यात लिहायचे, हा प्रश्न उरतोच. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रॅकच्या बाहेर, चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या सांध्यात सापडते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

पुढची चाके ओढणारी असतील, तर शाफ्टला वळणाऱ्या चाकाबरोबर वाकावे लागते. साधा फुलीच्या आकाराचा युनिव्हर्सल जॉइंट वापरला आणि चाक ३० अंशांत वळवले, तर आतला शाफ्ट एकसारख्या गतीने फिरत असूनही चाकाकडची गती प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी कमी आणि दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त होते. हा झटका थेट स्टिअरिंगच्या चाकावर येतो. पुढून ओढणाऱ्या गाड्या लहान आणि स्वस्त करण्यात ही जुनी अडचण होती. मिनीने बाहेरच्या टोकाला आल्फ्रेड झेप्पाच्या पद्धतीचा, खोबणींतून फिरणाऱ्या गोळ्यांचा सांधा वापरला. त्यात गोळ्या नेहमी दोन्ही शाफ्टमधल्या कोनाच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतात, म्हणून दोन्ही बाजूंची गती एकच राहते. हे तत्त्व १९२० च्या दशकातले, पण खपाऊ छोट्या गाडीत लाखोंच्या संख्येने ते आणण्याचे काम मिनीने केले.

आता हा सांधा खर्चाच्या तक्त्यात कोठे जातो? शक्तिवहनाच्या खात्यात. तिथे तो महाग दिसतो, कारण अचूक घासलेल्या खोबणी आणि कडक केलेले पोलाद लागते, आणि मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीला त्याची गरजच नसते. त्याने जो फायदा मिळवून दिला, तो मात्र स्टिअरिंगच्या खात्यात जमा होतो, आणि त्या खात्यात तर फक्त एक स्वस्त रॅक दिसतो आहे. खर्च एका पानावर आणि लाभ दुसऱ्या पानावर, असे झाले की हिशेबनीस कितीही प्रामाणिक असला तरी गाडी उधळी दिसते.

गॅरेजमधला

चर्चा विलायतेत रंगली आहे, पण या विषयाचा एक पुरावा आपल्या रस्त्यांवर चाळीस-पन्नास वर्षे धावत होता. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचे स्टिअरिंग रॅक-पिनियनचे. कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, हिला मात्र स्टिअरिंग बॉक्स. कागदावर पाहिले तर अँबॅसडर अधिक चपळ असायला हवी होती. प्रत्यक्षात मुंबईच्या टॅक्सीवाल्याला दाटीतून गाडी काढायला फियाटच बरी वाटायची, आणि अँबॅसडर एका जागी वळवताना खांदे भरून यायचे. कारण साधे आहे. एक गाडी हजार किलोंच्या वर, चाके पंधरा इंची, पुढे लोखंडी इंजिनाचा भार. दुसरी हलकी आणि अरुंद. नुसता रॅक लावून गाडी वळत नाही, हे धागाकर्त्यांचे म्हणणे आपल्याकडे कोणत्याही जुन्या चालकाने मान्य केले असते.

दुरुस्तीच्या बाजूनेही सांगतो. बॉक्सला खेळ आला की वरचा स्क्रू थोडा आवळून तो काही काळ घालवता येतो, तेल भरता येते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. रॅकचे रबरी बूट फाटले आणि आत माती-पाणी गेले, की दाते आणि बुश दोन्ही खराब होतात. मग तो उतरवण्यावाचून इलाज नसतो. मिनीचा रॅक तर बॉडीचा तळ आणि पुढची सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाके धरणारी चौकट) यांच्या बेचक्यात यू-बोल्टने धरलेला असतो, त्यामुळे तो काढायचा म्हणजे सबफ्रेम सैल करून खाली घ्यावी लागते. सुटी करणाऱ्या फोर्डच्या माणसाने इथे कपाळाला हात लावला असेल, याबद्दल मला शंका नाही.

वाचनमात्र

एक शंका. मिनीचे स्टिअरिंग बसच्या स्टिअरिंगसारखे आडवे का असते? हा दोष धरायचा की रचनेची गरज?

गॅरेजमधला

@वाचनमात्र, दोन्ही. रॅक इंजिनाच्या मागे, पायांजवळच्या पडद्याच्या तळाशी आहे आणि चालक त्याच्या अगदी जवळ बसतो, म्हणून दांडा जवळजवळ उभा येतो आणि चाक आडवे. गाडीच्या तळाच्या सुमारे ऐंशी टक्के जागा माणसांना आणि सामानाला द्यायची ठरवली, की चालकाला मागे सरकवून दांडा तिरका करण्याची चैन उरत नाही. पुढे अनेक मालकांनी दांडा खाली आणणारी पट्टी बसवून यावर तोड काढली, आणि ती पट्टी आजही सहज मिळते. इसिगोनिसला मात्र आरामशीर बैठकीविषयी फारशी आस्था नव्हती. चालक थोडा अवघडलेला असेल तर तो जागा राहतो अशी त्याची धारणा होती. ही धारणा मला विक्षिप्त वाटते.

बर्मिंगहॅमकर

मी लाँगब्रिजपासून फार दूर राहत नाही, त्यामुळे या गाडीविषयी थोडा पक्षपात गृहीत धरावा.

कॉर्टिनाने फोर्डचा निर्णय खरा ठरवला, हे मोजपट्टी यांचे विधान अर्धेच बरोबर आहे. बीएमसीने १९६२ मध्येच मिनीची रचना मोठी करून ११०० ही गाडी आणली. तेच आडवे इंजिन, तोच पोटातला गिअरबॉक्स, तीच पुढून ओढणारी चाके आणि तसाच रॅक. फक्त रबराच्या जोडीला पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारे द्रव आणि पिनिनफारिनाने रेखलेली चार दारांची देखणी बॉडी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून १९७१ पर्यंत सर्वाधिक खपणारी गाडी हीच होती, अपवाद फक्त १९६७ चा, जेव्हा कॉर्टिना पुढे गेली. म्हणजे कुटुंबवत्सल गिऱ्हाइकाला हे स्टिअरिंग नको होते, हे म्हणणे टिकत नाही. त्याला ते हवे होते, फक्त त्याबरोबर थोडी जागाही हवी होती.

मात्र पैशाच्या बाबतीत फोर्डची सरशी झाली, हे नाकारता येत नाही. खपात पहिली असणारी कंपनी १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाली आणि १९७५ मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. सर्वाधिक खपणारी गाडी असूनही पुढच्या गाडीसाठी पुरेसा पैसा उरू नये, ही त्या तीस पौंडांची खरी फलश्रुती.

अवांतर: १९६६ च्या माँटे कार्लो रॅलीत पहिल्या तीन आलेल्या मिनी दिव्यांच्या तांत्रिक कारणावरून बाद झाल्या, तेव्हा त्याच कारणाने चौथ्या क्रमांकाची गाडीही बाद झाली, आणि ती फोर्डची लोटस कॉर्टिना होती. त्या एका दिवशी दोन्ही कंपन्यांचे एकमत झाले असावे.

हिशेबनीस

@बर्मिंगहॅमकर, ११०० चा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. मोठ्या गाडीला मोठी किंमत लावता येते, पण आडव्या इंजिनाचा आणि सांध्यांचा खर्च गाडीच्या आकाराच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे जी रचना मिनीत तोट्याची, तीच ११०० मध्ये नफ्याची होऊ शकत होती. बीएमसीने तिथेही किंमत खालीच ठेवली. फोर्डने सुटी करायला मिनीऐवजी ११०० आणली असती, तर त्यांचे उत्तर कदाचित वेगळे आले असते.

मोजपट्टी

११०० चा खप पाहता माझे गिऱ्हाइकाविषयीचे विधान सौम्य करायला हरकत नाही. मात्र एक भर घालतो. फोर्डने पुढून ओढणारी गाडी नाकारली, हे ब्रिटनपुरते खरे आहे. त्याच १९६२ साली फोर्डच्याच कोलोन येथील कारखान्यातून टाउनस १२एम निघाली, आणि ती पुढून ओढणारी होती. तिची मूळ रचना अमेरिकेत झाली होती. एका कंपनीच्या दोन शाखा एकाच वर्षी विरुद्ध उत्तरे देत होत्या, आणि दोन्हीकडे खर्च मोजणारे लोक होते. म्हणून ‘फोर्डचा निष्कर्ष’ असे म्हणताना तो डॅगनमचा, म्हणजे ब्रिटनमधल्या शाखेचा, निष्कर्ष होता, एवढे ध्यानात ठेवावे.

दातेरीपट्टी

टाउनसची आठवण योग्य वेळी करून दिलीत. तिच्यामुळे कालक्रम नीट लावता येतो.

मिनी पाहिल्यानंतर ब्रिटनमधल्या फोर्डने १९६२ ची कॉर्टिना स्टिअरिंग बॉक्सवरच ठेवली. १९६८ च्या एस्कॉर्टमध्ये प्रथमच त्यांच्या छोट्या गाडीला रॅक आला, पण ढकलणारी चाके मागचीच राहिली. आडवे इंजिन, पुढून ओढणारी चाके, रॅक आणि गोळ्यांचे सांधे हा संपूर्ण संच फोर्डच्या छोट्या गाडीत आला तो १९७६ च्या फिएस्टामध्ये, आणि तिथेही गिअरबॉक्स इंजिनाखाली न ठेवता बाजूला ठेवला गेला, जशी इटलीत दान्ते जाकोझाने १९६४ च्या आउतोबियांकी प्रिमुलासाठी मांडणी केली होती. गिअरबॉक्स बाजूला गेल्यामुळे दोन्हींचे तेल वेगळे झाले, जोडणी सोपी झाली आणि खर्च उतरला. मिनीतला जो भाग खरोखर महागात पडत होता तो वगळून बाकीची रचना घेता येते, हे तिथे सिद्ध झाले. हिशेबनीस म्हणतात त्याप्रमाणे दोष किमतीत होता की मी म्हणतो त्याप्रमाणे रकान्यांत, याचा निवाडा करताना ही सतरा वर्षेही विचारात घ्यावी लागतील.

रॅक उतरवण्याविषयी गॅरेजमधला यांनी जे लिहिले आहे, त्यावर एक प्रश्न आहे. सबफ्रेम खाली घेताना स्टिअरिंगचा दांडा पिनियनपासून आधी सोडवावा लागतो की तो आतून वर ओढून घेता येतो?

गॅरेजमधला

@दातेरीपट्टी, पिनियनवरचा क्लॅम्प बोल्ट आधी काढायचा, मग दांडा आतून वर ओढून घ्यायचा, आणि त्यानंतरच सबफ्रेम खाली सोडायची. बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, कारण तो पिनियनच्या खाचेत अडकलेला असतो. परत बसवताना रॅक बरोबर मध्यावर आणि चाके सरळ ठेवून मगच दांडा घालावा, नाहीतर गाडी सरळ जात असतानाही स्टिअरिंगचे चाक वाकडे राहते.